घरच्या संगणकावरचे टपाल : मोफत ई-मेल प्रोग्रॅम निवडताना

विंडोज १० या संगणक-प्रणालीसोबत येणाऱ्या 'मेल' या छोट्या प्रोग्रॅमचा पाठिंबा मायक्रोसॉफ्ट कंपनीने ३१ डिसेंबर २०२४ रोजी थांबवला आणि त्याच्या जागी 'नवे आउटलुक' पुढे केले. संगणक सुरू केल्यावर सवयीने त्याच पाकिटाच्या चिन्हावर क्लिक करणाऱ्या असंख्य घरांपुढे त्यामुळे एक प्रश्न उभा राहिला. कंपनीने जे हाती दिले ते निमूटपणे वापरावे, की पैसे न मोजता मिळणारा दुसरा एखादा प्रोग्रॅम शोधावा, हा तो प्रश्न होय. पुण्या-मुंबईत तो बहुधा आवडीनिवडीचा ठरतो. माहूरसारख्या ठिकाणी मात्र तसे म्हणता येत नाही. रेणुकामातेचे शक्तिपीठ आणि दत्तशिखर यांमुळे माहूर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असले, तरी संगणक बाळगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ते नांदेडपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, पैनगंगेच्या खोऱ्यातल्या डोंगर-जंगलांत वसलेले तालुक्याचे गाव आहे. तेथे पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि संगणकात मोठा बिघाड झाला तर तो किनवट, पुसद किंवा नांदेडला न्यावा लागतो. अशा घराने ई-मेल प्रोग्रॅम निवडताना त्याचे रंगरूप दुय्यम मानावे; आलेले टपाल प्रत्यक्षात राहते कोठे आणि इंटरनेट नसताना ते हाती लागते की नाही, हे आधी पाहावे.

या विषयातला पहिला गोंधळ खाते आणि प्रोग्रॅम यांच्यातला आहे. जीमेल, रेडिफमेल, याहू किंवा झोहो ही खाती आहेत, म्हणजे पत्ता आणि टपाल साठवण्याची जागा देणाऱ्या सेवा आहेत. त्यांचे टपाल ज्या दूरच्या संगणकांवर साठते, त्यांना सर्व्हर म्हणतात. थंडरबर्ड, आउटलुक किंवा इव्होल्यूशन हे प्रोग्रॅम आहेत, आणि त्या सर्व्हरवरचे टपाल घरच्या संगणकावर आणणे, दाखवणे, लावून ठेवणे आणि उत्तरे पाठवणे हे त्यांचे काम. पोस्टातली पेटी भाड्याची असली, तरी तिथली पत्रे घरी आणून कोणत्या कपाटात ठेवायची हे घरमालक ठरवतो, तसाच हा संबंध आहे. म्हणूनच प्रोग्रॅम बदलला तरी पत्ता बदलत नाही, नातेवाइकांना काही कळवावे लागत नाही, आणि नवा प्रोग्रॅम पसंत पडला नाही तर जुन्याकडे परतता येते. एकाच खात्यावर दोन प्रोग्रॅम काही दिवस शेजारी-शेजारी चालवून पाहणे हा निवडीचा सर्वांत निर्धोक मार्ग होय. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्रीय गृहमंत्र्यांनी आपला पत्ता झोहो मेलवर नेला, तेव्हा अनेक घरांत 'आपणही बदलावे का' अशी चर्चा झाली. परंतु तो खाते बदलण्याचा निर्णय होता आणि त्याचे परिणाम सर्वस्वी वेगळे असतात.

प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांचे बोलणे ठरलेल्या नियमांनी चालते. पत्र पाठवण्याचा नियमसंच 'एसएमटीपी' या नावाने ओळखला जातो आणि तो १९८२ पासून वापरात आहे. टपाल आणण्याचे नियमसंच दोन असून त्यांतला फरक गृहस्थाने नीट समजून घ्यावा. 'पॉप' या पद्धतीत प्रोग्रॅम सर्व्हरवरची पत्रे उतरवून घरच्या संगणकावर आणतो आणि, वेगळे सांगितले नाही तर, सर्व्हरवरून काढून टाकू शकतो. 'आयमॅप' या पद्धतीत मूळ टपाल सर्व्हरवरच राहते आणि घरचा संगणक, मोबाइल व मुलाचा पुण्यातला लॅपटॉप या सर्वांवर त्याचे एकच प्रतिबिंब दिसते. एका ठिकाणी पत्र वाचले की ते सर्वत्र वाचलेले दिसते, आणि एका ठिकाणी पुसले की सर्वत्र पुसले जाते. एखादे मोफत खाते या दोन्हींपैकी काहीच देत नसेल, तर ते केवळ ब्राउझरमध्येच उघडता येते आणि कोणताही प्रोग्रॅम त्याला उपयोगी पडत नाही. म्हणून प्रोग्रॅम शोधण्याआधी आपले खाते आयमॅप देते का, हे तपासावे. झोहो मेलच्या मोफत योजनेत, उदाहरणार्थ, ही सोय मिळत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे रास्त ठरेल. ज्या घरी आठवड्याला बँकेची दोन पत्रे आणि वीजबिलाची सूचना एवढेच टपाल येते, त्या घराला स्वतंत्र प्रोग्रॅमची गरज नाही. ब्राउझर किंवा मोबाइल पुरेसा आहे. गरज भासते ती ज्यांची दोन-तीन खाती आहेत, ज्यांना मोठी अटॅचमेंट जपून ठेवायची आहेत, किंवा ज्यांचे दहा-पंधरा वर्षांचे टपाल कामाचे आहे त्यांना. शाळेचे आणि स्वतःचे अशी दोन खाती सांभाळणारा मुख्याध्यापक, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी पत्रव्यवहार करणारा महाविद्यालयीन प्राध्यापक, यात्रेकरूंच्या मुक्कामाचे आरक्षण ई-मेलवर घेणारा लॉजचालक, किंवा परदेशातल्या मुलीची पत्रे वर्षानुवर्षे साठवणारे आई-वडील ही अशी घरे होत.

टपाल घरीच साठवण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगममार्फत खुले झाले. मराठवाड्यातल्या लहान गावांपर्यंत ते पोहोचले ते प्रामुख्याने बीएसएनएलच्या 'संचारनेट' या टेलिफोनवरून चालणाऱ्या जोडणीमुळे. त्या काळी जोडणी जितका वेळ चालू, तितके बिल वाढे आणि घरचा फोनही अडकून राही. साहजिकच टपाल भराभर उतरवून घ्यावे, जोडणी तोडावी, निवांत वाचून उत्तरे लिहून ठेवावीत आणि पुन्हा क्षणभर जोडणी करून ती पाठवावीत, अशी रीत पडली. विंडोजसोबत फुकट मिळणारा 'आउटलुक एक्स्प्रेस' हा प्रोग्रॅम या रीतीला चपखल बसणारा होता. पुढे ब्रॉडबँड आले, १९९६ साली सुरू झालेल्या हॉटमेलने आणि मुंबईच्या रेडिफने ब्राउझरमध्ये टपाल वाचण्याची सवय लावली, १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने एक गिगाबाइट जागा देऊ केली, आणि घरच्या संगणकावर टपाल साठवण्याची कल्पनाच जुनाट वाटू लागली. गंमत अशी की अखंड इंटरनेट गृहीत धरणारी ही नवी रीत ज्या गावांत ते अखंड नाही तिथेही तशीच रुजली आणि टपाल उतरवून ठेवण्याची जुनी शहाणी सोय विस्मरणात गेली.

दरम्यान मायक्रोसॉफ्टने आपला घरगुती प्रोग्रॅम किती वेळा बदलला हे पाहण्यासारखे आहे. विंडोज एक्सपीपर्यंत आउटलुक एक्स्प्रेस होता. २००७ साली आलेल्या व्हिस्टामध्ये त्याचा 'विंडोज मेल' झाला. विंडोज ७ मध्ये सोबत काहीच आले नाही, 'विंडोज लाइव्ह मेल' वेगळा उतरवावा लागला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याचाही पाठिंबा संपला. विंडोज ८ आणि १० मध्ये 'मेल' आला, आणि आता तोही गेला. बहुतेक वेळा टपाल साठवण्याची पद्धतही बदलली. आउटलुक एक्स्प्रेसच्या डीबीएक्स नावाच्या फाइली पुढचे प्रोग्रॅम सहजासहजी उघडत नाहीत, आणि कार्यालयांत चालणाऱ्या विकतच्या आउटलुकच्या पीएसटी फाइलींची तऱ्हा निराळी आहे. वीस वर्षांत चार वेळा बिऱ्हाड हलवावे लागणाऱ्या टपालातले थोडेफार प्रत्येक वेळी गहाळ व्हायचेच.

नवे आउटलुक फुकट आहे, दिसायला नीटनेटके आहे, आणि ज्यांचे खाते मायक्रोसॉफ्टचेच आहे त्यांना त्यात वावगे वाटण्याचे फारसे कारण नाही. मात्र फुकट वापरणाऱ्याच्या इनबॉक्समध्ये पत्रांच्या रांगेत पत्रासारख्याच दिसणाऱ्या जाहिराती येतात. दुसरी बाब अधिक महत्त्वाची असून ती जीमेलसारखे दुसऱ्या कंपनीचे खाते जोडताना एका छोट्या चौकटीत सांगितली जाते. खाते मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी जुळवून घेतले जाईल, असा त्या चौकटीतला मजकूर आहे. क्लाउड म्हणजे कंपनीच्या मालकीचे दूरचे सर्व्हर. 'पुढे चला' या बटणावर क्लिक केले, की टपालाची प्रत त्या सर्व्हरवर ठेवण्यास आणि तिथून खात्याशी व्यवहार करण्यास संमती दिली जाते. म्हणजे घरचा संगणक आणि गुगल या दोघांमध्ये पूर्वी कोणी नव्हते, तिथे तिसरा पक्ष येऊन बसतो. जर्मनीतल्या हाइझे या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये याकडे लक्ष वेधले, तेव्हा युरोपात बरीच चर्चा झाली. ही संमती देणे चूक आहे असे नव्हे. पण ती न वाचता दिली जाते आणि प्रोग्रॅम बदलण्याच्या घाईत हमखास दिली जाते, ही चिंतेची बाब आहे.

मोफत पर्यायांकडे वळताना 'मोफत' हा एकच शब्द दोन वेगळ्या व्यवस्थांसाठी वापरला जातो हे लक्षात ठेवलेले बरे. काही प्रोग्रॅम केवळ किंमत न घेता दिले जातात. त्यांची आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम ज्या मजकुरातून घडतो तो मूळ लेख, कंपनीच्या कुलपात असतो आणि उद्या कंपनीने अटी बदलल्या तर वापरणाऱ्याचा इलाज चालत नाही. चेक प्रजासत्ताकातला 'ईएम क्लायंट' हा या जातीचा चांगला प्रोग्रॅम आहे. आउटलुकची सवय असलेल्याला तो लगेच जमतो, पण फुकट आवृत्तीत खात्यांची संख्या मर्यादित असते आणि ती केवळ घरगुती वापरासाठी असते, त्यामुळे लॉजच्या धंद्याचे टपाल त्यात आणणे अटींत बसत नाही. दुसऱ्या प्रकारात आज्ञावलीच सर्वांसाठी खुली असते. ती कोणीही वाचावी, सुधारावी, वाटावी अशी परवानगी परवान्यातच असते. एखाद्या संस्थेने काम सोडले तरी दुसरे लोक ते पुढे नेऊ शकतात. आणि संगणकाच्या दुकानात मायक्रोसॉफ्टच्या विकतच्या ऑफिससोबत 'टाकून दिले जाणारे' आउटलुक या दोन्हींत मोडत नाही. ती चोरीची प्रत असते, तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची खात्री नसते, आणि कुलूप तोडणाऱ्या फाइलीसोबत संगणकात आणखी काय शिरले हे दुकानदारालाही ठाऊक नसते.

खुल्या आज्ञावलीच्या प्रोग्रॅमांत घरगुती वापरासाठी 'थंडरबर्ड' आज सर्वांत भरवशाचा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. नेटस्केप कंपनीने १९९८ साली आपल्या ब्राउझरची आज्ञावली खुली केली, त्यातून मोझिला हा प्रकल्प उभा राहिला, त्याच घराण्यात फायरफॉक्स जन्मला आणि ७ डिसेंबर २००४ रोजी थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती आली. पुढचा प्रवास सरळ नव्हता. २०१२ साली मोझिलाने त्यावरचे काम आटोपते घेत असल्याचे जाहीर केले आणि काही वर्षे तो प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर तगला. एखाद्या कंपनीच्या बंद प्रोग्रॅमचे अशा वेळी काय झाले असते हे वर आलेल्या नावांवरून कळतेच. थंडरबर्ड मात्र आज्ञावली खुली असल्यामुळे टिकला, जानेवारी २०२० मध्ये मोझिला फाउंडेशनच्या एमझेडएलए टेक्नॉलॉजीज या उपकंपनीकडे गेला, आणि आज मुख्यतः वापरणाऱ्यांच्या ऐच्छिक देणग्यांवर त्याचे काम चालते. जुलै २०२३ मध्ये आलेल्या ११५ व्या आवृत्तीत त्याचे जुनाट रूप पालटले. 'के-नाइन मेल' हा अँड्रॉइड मोबाइलवरचा जुना खुला प्रोग्रॅम २०२२ साली याच कुटुंबात आला आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्याच्याच पायावर मोबाइलसाठीचा थंडरबर्ड मिळू लागला आहे.

थंडरबर्डमध्ये अनेक खाती एकाच खिडकीत दिसतात, आणि आयमॅपचे खाते जोडले तरी पत्रांच्या प्रती आपोआप घरच्या डिस्कवर उतरतात, त्यामुळे वीज आहे पण नेट नाही अशा दुपारीही जुने पत्र उघडता येते. अनोळखी पत्रांतली दूरवरून येणारी चित्रे तो आधी अडवून ठेवतो. यामागे कारण आहे. जाहिरातदार पत्रात एखादे न दिसणारे टिकलीएवढे चित्र घालतात आणि पत्र उघडताच ते त्यांच्या सर्व्हरवरून मागवले जाते, त्यावरून पत्र केव्हा व कोठे उघडले हे त्यांना कळते. उणिवाही आहेत. पहिल्यांदा मोठे खाते जोडले की तो तासन्‌तास टपाल उतरवत बसतो. मोजून मिळणाऱ्या मोबाइल डेटावर हे काम सुरू केले तर दिवसाचा कोटा सकाळीच संपतो, म्हणून खाते जोडताना अलीकडच्या काही महिन्यांचेच टपाल उतरवण्याची मर्यादा घालून घ्यावी. दुसरी उणीव साठवणीची आहे. तो एका फोल्डरचे सारे टपाल सहसा एकाच मोठ्या फाइलीत ठेवतो आणि पुसलेले पत्र त्या फाइलीतून लगेच जात नाही; 'कॉम्पॅक्ट' ही आज्ञा चालली की मगच जागा मोकळी होते. हे काम चालू असताना वीज जाणे इष्ट नाही. ज्या घरी इन्व्हर्टर नाही, त्यांनी ते ढगाळ संध्याकाळी करू नये.

इतर नावे थोडक्यात आटोपता येतील. लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली वापरणाऱ्यांसाठी 'इव्होल्यूशन' आणि 'केमेल' हे दोन्ही खुले व समर्थ प्रोग्रॅम आहेत, पण विंडोजवरच्या घराने त्यांचा विचार करू नये. 'मेलस्प्रिंग' देखणा आहे, मात्र त्याच्या काही सोयींसाठी त्याचे स्वतःचे आणखी एक खाते उघडावे लागते. न्यूझीलंडच्या डेव्हिड हॅरिस यांचा 'पेगॅसस मेल' १९९० पासून फुकट मिळतो, आणि एका माणसाच्या चिकाटीचा तो नमुना म्हणून आदरास पात्र आहे. नव्या माणसाने त्यापासून सुरुवात करण्याचे मात्र काही कारण दिसत नाही. जुन्या, कमी मेमरीच्या संगणकासाठी 'क्लॉज मेल' खरोखर विचारात घ्यावा. तो अत्यंत हलका आहे आणि प्रत्येक पत्र वेगळ्या फाइलीत ठेवतो, त्यामुळे एखादी फाइल बिघडली तर एकच पत्र जाते. त्यातून रंगीबेरंगी मांडणीचे पत्र लिहिता येत नाही, केवळ साधा मजकूर लिहिता येतो. बहुतेक घरगुती टपालाला एवढे पुरेसे असते.

मराठीत पत्र लिहिणाऱ्याने आणखी एका अंगाने तपासणी केली पाहिजे. ई-मेलचे मूळ नियम इंग्रजी अक्षरांपुरते होते. इतर लिप्या आणि अटॅचमेंट यांची रीतसर सोय 'माइम' या १९९२ सालच्या नियमसंचाने झाली. 'माहूर' एवढा विषय लिहिलेले पत्र पाठवले, तर संगणक त्या शब्दाचे म, काना, ह, दीर्घ ऊकार आणि र असे पाच घटक धरतो. युनिकोडच्या 'यूटीएफ-८' या प्रचलित पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, म्हणजे पंधरा बाइट झाले. विषयाच्या ओळीत ते जसेच्या तसे जाऊ शकत नसल्याने प्रोग्रॅम त्यांची वीस इंग्रजी अक्षरांची सांकेतिक माळ करतो, तिच्या मागेपुढे 'हा मजकूर यूटीएफ-८ आहे' अशी खूण लावतो, आणि पलीकडचा प्रोग्रॅम ती उलगडून पुन्हा 'माहूर' दाखवतो. वर उल्लेखिलेले बहुतेक चालू प्रोग्रॅम हे काम बिनचूक करतात. पूर्वी तसे नव्हते. आउटलुक एक्स्प्रेसच्या काळात मराठी टंकलेखन बहुधा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम किंवा 'शिवाजी' यांसारख्या फॉन्टांत होई. त्यांत संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरे-चिन्हांचाच असे, फक्त त्या चिन्हांवर देवनागरीचे चित्र चढवलेले असे. पलीकडे तोच फॉन्ट नसला की पत्राऐवजी चिन्हांचा कचरा दिसे. विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर अक्षरकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आला, तरी एक्सपीत देवनागरीची सोय वेगळी चालू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी लागे, त्यामुळे जुनी सवय बरीच वर्षे टिकून राहिली.

आजच्या अडचणी बारीक आहेत, पण रोज भेटणाऱ्या आहेत. थंडरबर्डमध्ये देवनागरीसाठी फॉन्ट व त्याचा आकार इंग्रजीपासून वेगळा ठरवता येतो आणि डोळ्यांवर चष्मा असलेल्याने ही सोय पहिल्याच दिवशी शोधून काढावी, कारण इंग्रजीला पुरेसा वाटणारा आकार जोडाक्षरांना आणि मात्रांना अपुरा पडतो. शोधाची गोष्ट त्याहून नाजूक आहे. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' यांतला अर्ध्या र चा आडवा आकार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो, एकदा नुक्ता असलेल्या ऱ ने आणि एकदा न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका पद्धतीने टंकलेल्या शब्दाचा शोध घेतला तर दुसऱ्या पद्धतीचे पत्र हाती लागेलच असे नाही. ज्यांचा मराठी पत्रव्यवहार मोठा आहे त्यांनी अशा वेळी जोडाक्षर नसलेला शेजारचा शब्द शोधावा. टंकलेखनासाठी विंडोज १० च्या २०१९ मधल्या सुधारणेपासून मराठीचा उच्चारानुसारी कळफलक सोबतच येतो, आणि इनस्क्रिप्ट तर त्याआधीपासून आहे. वेगळे काही विकत घेण्याची गरज उरलेली नाही.

खाते जोडताना पासवर्डपाशी अनेक जण अडतात आणि दोष प्रोग्रॅमला देतात. गुगलने ३० मे २०२२ पासून घरगुती खात्यांसाठी केवळ पासवर्डावर बाहेरच्या प्रोग्रॅमना प्रवेश देणे थांबवले आणि मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या घरगुती खात्यांबाबत तेच केले. आता प्रोग्रॅम ब्राउझरची छोटी खिडकी उघडतो, त्यात खात्याच्या मूळ पानावर ओळख पटवावी लागते आणि मग प्रोग्रॅमला एक वेगळा परवाना मिळतो. या पद्धतीला 'ओ-ऑथ' म्हणतात आणि पासवर्ड प्रोग्रॅमच्या हाती पडत नाही हा तिचा फायदा आहे. थंडरबर्डला ती सहज जमते. विंडोज लाइव्ह मेल मात्र याच कारणाने जीमेलवर 'पासवर्ड चुकीचा' असे म्हणत राहतो. क्लॉज मेलसाठी गुगल खात्यात दुहेरी पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा वेगळा 'अ‍ॅप पासवर्ड' घेणे सोपे पडते.

पॉप की आयमॅप, याचे उत्तर बहुतेक घरांसाठी आयमॅप हेच आहे, कारण मोबाइलही त्याच खात्यावर असतो. पण आयमॅपची प्रत म्हणजे राखीव प्रत नव्हे. जीमेलची पंधरा गिगाबाइट जागा फोटो आणि ड्राइव्ह यांच्यासह मोजली जाते. ती भरली की कोणीतरी मोबाइलवर जुनी पत्रे निवडून पुसतो, आणि घरच्या संगणकाला पुढच्या वेळी नेट मिळाले की तिथलीही प्रत इमानेइतबारे पुसली जाते. याशिवाय दोन वर्षे न वापरलेली घरगुती खाती गुगल डिसेंबर २०२३ पासून पुसू शकते, हे निवृत्त वडिलांच्या पडून राहिलेल्या खात्याच्या बाबतीत लक्षात ठेवावे. यावर थंडरबर्डमधले 'लोकल फोल्डर्स' कामी येतात. त्यांत टाकलेली पत्रे केवळ घरच्या डिस्कवर राहतात आणि सर्व्हरशी त्यांचा संबंध उरत नाही. वर्ष संपले की त्या वर्षाची महत्त्वाची पत्रे तिथे कॉपी करावीत, आणि नंतर प्रोग्रॅम बंद करून त्याचे 'प्रोफाइल' नावाचे सबंध फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावे. खाती, पत्ते, टपाल आणि सेटिंग सारे त्यात असते. हे फोल्डर 'मदत' या यादीतल्या अडचण-निवारणाच्या माहितीपानावरून थेट उघडता येते. त्या पेनड्राइव्हवर कुटुंबाचे सारे टपाल वाचण्याजोग्या स्वरूपात असते, म्हणून तो सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला नेण्याच्या पेनड्राइव्हपासून वेगळा ठेवावा.

विंडोज १० चा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे पुष्कळ संगणक घरोघर पडून आहेत. विंडोज ७ वर चालणारी थंडरबर्डची शेवटची मालिका ११५ वी होती, तेव्हा त्या किंवा त्याहून जुन्या प्रणालीच्या यंत्रावर प्रोग्रॅम बदलून भागणार नाही. अशा यंत्रावर 'लिनक्स मिंट' ही मोफत प्रणाली बसवली तर थंडरबर्ड तिच्यासोबतच येतो, आणि विंडोजवरचे प्रोफाइल फोल्डर तिथे नेऊन ठेवले की जुने टपाल जागच्या जागी दिसते. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली मराठीसह भारतीय भाषांची सोय देते. तीही आजमावून पाहण्यासारखी आहे.

सर्वांत कष्टाचे काम आउटलुक एक्स्प्रेसमधले टपाल सोडवण्याचे आहे, आणि ते जुना संगणक चालू आहे तोवरच करावे. आजचा थंडरबर्ड डीबीएक्स फाइली उघडत नाही. परंतु खुद्द आउटलुक एक्स्प्रेसमध्ये फोल्डरमधली सर्व पत्रे निवडून डेस्कटॉपवरच्या एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये माउसने ओढून टाकली, की प्रत्येक पत्राची 'ईएमएल' प्रकारची वेगळी फाइल तयार होते, आणि 'इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी' हे थंडरबर्डचे मोफत जोड-साधन अशा शेकडो फाइली एकदम आत घेते. त्यांतली जुन्या फॉन्टांतली मराठी पत्रे मात्र आत आल्यावरही चिन्हांच्या रूपातच दिसतील. म्हणून त्या संगणकाच्या फॉन्ट्स फोल्डरमधल्या श्रीलिपी, शिवाजी आदी फाइलीही सोबत उचलाव्यात आणि कोणते पत्र कोणत्या फॉन्टात आहे याची नोंद ठेवावी. फॉन्टाचे नाव ठाऊक असेल तर मजकूर युनिकोडमध्ये पालटून देणारी परिवर्तक साधने मिळतात, आणि नाव ठाऊक नसेल तर प्रत्येक पत्रावर अंदाज लढवत बसावे लागते.